जुन्या संगणकाचा परवाना आणि नवी ऑपरेटिंग सिस्टिम
(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाची संहिता)



एखाद्या द्विशिक्षकी शाळेचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. वर्गाच्या कोपऱ्यात, कौलांतून गळणाऱ्या पावसापासून बचाव व्हावा म्हणून प्लास्टिकच्या कापडाने झाकून ठेवलेले तीन संगणक आहेत. पहिला २०१० च्या सुमारास शासकीय योजनेतून मिळालेला असून त्याच्या पेटीच्या कुशीवर विंडोज ७ या ऑपरेटिंग सिस्टिमचा चकाकणारा शिक्का चिकटवलेला आहे. दुसरा २०१३ सालचा लॅपटॉप. तो कोणा देणगीदाराने दिला. त्यावर विंडोज ८ चे नुसते बोधचिन्ह आहे, अक्षरे वा अंक कोठेच नाहीत. तिसरा ग्रामस्थांनी २०१९ साली लोकवर्गणीतून तालुक्याच्या दुकानात सुटे भाग जोडून घेतलेला. त्याच्यावर कोणताच शिक्का नाही. एके दिवशी विजेचा दाब अकस्मात वाढून पहिल्या संगणकाचा मदरबोर्ड जळतो. मुख्याध्यापिकाबाई चष्मा लावून त्याच्या शिक्क्यावरील पंचवीस अक्षरे व अंक काळजीपूर्वक वहीत उतरवून घेतात आणि मनाशी ठरवितात की, ही अक्षरे आता तिसऱ्या संगणकाच्या उपयोगी पडतील. ज्या वस्तूचे मोल शासनाने एकदा मोजले आहे ती वाया का जाऊ द्यावी? मोडक्या कपाटाचे कुलूप आपण नव्या पेटीला लावतोच की नाही?

बाईंचा हा विचार काटकसरीचा आहे आणि प्रामाणिकपणाचाही आहे. फुकट काही लाटावे असा हेतू त्यात नाही. तरीही तो चुकीचा ठरतो. कोठे चुकतो हे समजून घेण्यासाठी त्या पंचवीस अक्षरांचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे.

पाच-पाच चिन्हांचे पाच गट, मध्ये आडव्या रेघा, असा हा संकेतांक असतो. त्यास व्यवहारात ‘प्रॉडक्ट की’ म्हणतात. शिक्का पुसट झाला असता तो वाचणे म्हणजे मोठेच दिव्य. इंग्रजी बी की आठ, जी की सहा, असा संभ्रम पदोपदी होतो. मात्र एक सोय कर्त्यांनी मुळातच करून ठेवली आहे. शून्य, एक, पाच हे अंक आणि ए, ई, आय, ओ, यू हे स्वर या संकेतांकात येतच नाहीत. तेव्हा गोल आकृती दिसली तर ती ओ किंवा शून्य नसून क्यू, डी अथवा जी यांपैकी काही असावी, असा तर्क खुशाल करावा. तपासणीच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्याने संगणक पुसण्याची चाल पुष्कळ शाळांतून आहे आणि या शिक्क्यांचा सर्वाधिक नाश तीच करते. शिक्क्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी व त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. लॅपटॉपचा शिक्का बहुधा तळाशी आणि कित्येकदा बॅटरीच्या खाली दडलेला असतो.

पण हा संकेतांक म्हणजे परवाना नव्हे. विद्यार्थ्याच्या एस. टी. च्या पासावर क्रमांक असतो. तो क्रमांक दुसऱ्या मुलाने पाठ केला म्हणून त्यास त्या पासावर प्रवास करता येत नाही, कारण पास अमुक मुलाच्या नावाचा आणि अमुक दोन गावांमधील असतो. परवाना म्हणजे तो प्रवासाचा हक्क होय आणि संकेतांक म्हणजे त्या हक्काचा नुसता क्रमांक. मुख्याध्यापिकाबाईंनी वहीत उतरवला तो क्रमांक. हक्क कोणाच्या नावाचा होता, हा प्रश्न निराळाच आहे.

विंडोजचे परवाने स्थूलमानाने तीन प्रकारचे. कारखान्यातूनच संगणकाबरोबर येणारा पहिला. तो त्या संगणकाशी जखडलेला असतो. संगणक दुसऱ्यास दिला तर परवानाही त्याच्याबरोबर जातो, आणि संगणक मेला तर त्याच्याबरोबर संपतो. येथे संगणक याचा अर्थ मुख्यतः मदरबोर्ड असा घेतात. हार्ड डिस्क बदलली, मेमरी वाढवली, तरी परवान्यास बाध येत नाही. मदरबोर्ड सदोष निघाल्यामुळे उत्पादकाने तो बदलून दिला तरीही परवाना चालू राहतो, परंतु दुकानातून निराळा मदरबोर्ड आणून बसवला तर तो नवा संगणक समजला जातो. दुसरा प्रकार दुकानात स्वतंत्रपणे विकत मिळणारा. तो एका वेळी एकाच संगणकावर चालवावयाचा असतो, पण पहिल्यावरून काढून टाकून दुसऱ्यावर घालण्यास मुभा असते. तिसरा प्रकार संस्थांसाठी घाऊक. याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. विंडोजचा घाऊक परवाना हा नव्या आवृत्तीवर जाण्याचा परवाना आहे. ज्या संगणकावर पूर्वीचा वैध परवाना मुळीच नाही, त्यास तो लागू होत नाही. पाया नसता वरचा मजला बांधण्यासारखेच ते आहे.

शाळांतून आढळणारे शिक्के जवळजवळ सगळे पहिल्या प्रकारचे असतात. पहिल्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला त्याच वेळी त्याच्या शिक्क्याचा अर्थही सरला. कुलपाची उपमा म्हणून लागू पडत नाही. कपाटाच्या दारातच ओतून घडवलेले कुलूप असावे, तशी ही वस्तू आहे.

आता कोणी म्हणेल, “परंतु असे जुने संकेतांक नव्या विंडोजवर घालून ती सुरू झालेली आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहे!” हे म्हणणे खोटे नाही. त्यामागील इतिहास थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण आजचा सारा गोंधळ त्यातूनच निर्माण झाला.

संकेतांकाची केंद्राकडून पडताळणी करून घेण्याची पद्धत विंडोजमध्ये २००१ साली, एक्सपी या आवृत्तीबरोबर रूढ झाली. संगणकाच्या निरनिराळ्या भागांवरून त्याची एक खूण तयार होते. ती खूण व संकेतांक ही जोडी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या यंत्रणेकडे नोंदविली जाते. पुढे त्याच संकेतांकासह भलतीच खूण आली तर यंत्रणा शंका घेते. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० प्रसिद्ध झाली, तेव्हा कंपनीने विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना एक वर्षापुरती ती विनामूल्य देऊ केली. एक्सपी व व्हिस्टा यांच्या धन्यांना ही सवलत नव्हती. प्रथम जुनी विंडोज चालू स्थितीत असताना तिच्यावरूनच नवी चढवावी लागे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील सुधारणेनंतर मात्र विंडोज १० कोऱ्या डिस्कवर घालताना ७ किंवा ८ चा संकेतांक सरळ लिहिला तरी चालू लागले. होम बेसिक, होम प्रीमियम अशा घरगुती आवृत्त्यांना विंडोज १० ची होम आवृत्ती मिळे आणि प्रोफेशनल व अल्टिमेट यांना प्रो. जुळणी चुकली की संकेतांक नाकारला जाई आणि सांगणारा म्हणे, शिक्काच खोटा आहे.

सवलतीची मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपली. दार मात्र उघडेच राहिले. जुना संकेतांक टाकला की विंडोज १० आणि पुढे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली विंडोज ११ देखील सुरू होत असे. सात वर्षे हा प्रकार बिनबोभाट चालला. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्या कित्येकांनी तो हक्कच मानला, यात त्यांचा फार दोष म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने ही वाट बंद केल्याचे जाहीर केले. म्हणून आज विंडोज ७ च्या शिक्क्यावरील अक्षरे नव्या आवृत्तीत लिहून काही लाभ होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

या हकिगतीतून एक गोष्ट मनात पक्की बसावी. यंत्राने होकार दिला म्हणजे कराराने होकार दिला असे होत नाही. २०१८ साली एखाद्याने जळक्या संगणकाचा संकेतांक नव्यावर घातला असता तो कदाचित सुरूही झाला असता, पण कारखान्याचा परवाना दुसऱ्या यंत्रावर नेण्याची परवानगी त्यास तेव्हाही नव्हती.

याउलट, ज्यांनी त्या काळात त्याच संगणकावर रीतसर नवी आवृत्ती घेतली, त्यांचे काही गेलेले नाही. अशा संगणकाची खूण कंपनीच्या दप्तरी कायमची नोंदली गेली आहे. यास डिजिटल परवाना म्हणतात. दुसऱ्या लॅपटॉपचेच पाहू. समजा, शाळेतील एका तरुण शिक्षकाने २०१६ च्या उन्हाळ्यात त्यावर प्रथम ८.१ आणि मग विंडोज १० घेतली होती. आज त्याची डिस्क नादुरुस्त झाली तर नवी डिस्क बसवून विंडोज १० पुन्हा घालावी. संकेतांक विचारला असता ‘माझ्याजवळ संकेतांक नाही’ हा पर्याय निवडावा, पूर्वीचीच आवृत्ती निवडावी, आणि इंटरनेट जोडले की परवाना आपोआप ओळखला जातो. कागद नाही, शिक्का नाही, म्हणून घाबरून नवा परवाना विकत घेणाऱ्या शाळांचा खर्च अशा वेळी निव्वळ वाया जातो. विंडोज ८ पासून कारखान्यांनी आपला संकेतांक मदरबोर्डवरील स्मृतीतच कोरण्यास आरंभ केला, म्हणून या लॅपटॉपवर अक्षरे नाहीत. शिक्का गळून पडला असावा, या समजुतीने तळ खरवडत बसू नये.

विंडोज ७ च्या काळातील आणखी एक खुबी येथेच सांगितली पाहिजे. मोठे उत्पादक त्या वेळी आपल्या सहस्रावधी संगणकांत एकच सामाईक संकेतांक घालीत व मदरबोर्डवरील एका खुणेच्या आधारे तो मान्य होई. शिक्क्यावरचा संकेतांक मात्र प्रत्येक संगणकाचा वेगळा असे. त्यामुळे संगणकातून संकेतांक वाचून दाखविणारे एखादे साधन जे दाखविते ते आणि शिक्क्यावरचे, यांत मेळ बसत नाही. हा मेळ न बसणे म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे. लेखापरीक्षणाच्या वेळी हा मुद्दा उपस्थित झाल्यास मुख्याध्यापकांनी शांतपणे शिक्का दाखवावा.

विंडोज १० चा परवाना असलेल्या संगणकावर विंडोज ११ विनामूल्य घेता येते. अट परवान्याची नाही, यंत्राच्या ताकदीची आहे. ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठा या गोष्टी जुन्या संगणकातही सापडतील, परंतु टीपीएम २.० ही सुरक्षेची चकती अथवा तिची अंतर्गत सोय, आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर या अटींपाशी बहुतेक जुनी यंत्रे अडखळतात. २०१३ सालचा लॅपटॉप त्यात बसत नाही. २०१९ साली जोडलेला तिसरा संगणक कदाचित बसेल, पण त्यास परवानाच नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण या दोन यंत्रांकडे पाहूनच कोणी रचली असावी!

या अटी चुकवून विंडोज ११ घालण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. अशा यंत्रास पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरच्या संगणकावर कोणी हौसेने काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ज्या संगणकावर विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि बँक खात्यांची माहिती भरली जाते, तेथे ती हौस नसावी. विंडोज ७ च्या सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, ८.१ च्या १० जानेवारी २०२३ रोजी, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शैक्षणिक संस्थांना घाऊक परवान्याच्या मार्गाने विंडोज १० च्या सुधारणा आणखी तीन वर्षे विकत घेता येतात. त्यांचा दर दर संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा कंपनीने जाहीर केला होता. रक्कम क्षुल्लक आहे. तथापि एकट्या द्विशिक्षकी शाळेने हा व्यवहार करणे अवघड. तो तालुका किंवा जिल्हा पातळीवर एकत्रितपणे व्हावा, हेच सोयीचे.

तिसऱ्या संगणकावर दुकानदाराने काय घातले होते, हेही पाहिले पाहिजे. असे संगणक बहुधा ‘विंडोजसकट’ म्हणून मिळतात आणि बीजकात विंडोजची ओळच नसते. तेथे एखादा ‘अॅक्टिव्हेटर’ चालविलेला असतो. मोठ्या संस्थांत परवाने सांभाळणारा एक सर्व्हर असतो व तेथील प्रत्येक संगणकास निदान १८० दिवसांतून एकदा त्याच्याकडे हजेरी लावावी लागते. हा अॅक्टिव्हेटर त्या सर्व्हरचे सोंग आणतो. तो चालविण्यासाठी विषाणूंपासून रक्षण करणारी यंत्रणा आधी बंद करावयास सांगतात, म्हणजे चोरास घरात घेण्यापूर्वी राखणदारास बाहेर बसविण्यासारखे झाले. इंटरनेटवर चारपाचशे रुपयांत मिळणारे संकेतांकही याच गोत्रातले. कोठल्या तरी संस्थेच्या घाऊक परवान्यातून फुटलेले किंवा टाकून दिलेल्या यंत्रांवरून उतरवलेले ते असू शकतात, आणि आज चालले तरी उद्या रद्द होतात. सादिलवार खर्चातून अशी खरेदी दाखविणाऱ्या मुख्याध्यापकाच्या हाती पावती असते, परवाना नसतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलींचा समावेश साहित्यकृतींत झाला. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६३-ब प्रमाणे, अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी वा व्यापारासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणे नमूद करून कारावास न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. शाळेचा वापर नफ्याचा नाही हे खरे, पण ५० हजार रुपये ही द्विशिक्षकी शाळेस लहान रक्कम नव्हे. आणि ज्या वर्गात मुलांना पाटी-पेन्सिल न विचारता घेऊ नये असे शिकवितात, त्याच वर्गात हा संगणक मांडलेला असतो.

मग उरलेल्या दोन यंत्रांचे काय करावे? लॅपटॉपवर विंडोज १० च ठेवावयाची असेल तर वर सांगितलेल्या वाढीव सुधारणा मिळवाव्यात. तिसऱ्यासाठी पैसे असतील तर दुकानातून रीतसर परवाना घेऊन बीजकावर तसे स्वतंत्र लिहवून घ्यावे. पैसे नसतील तर, आणि बहुधा ते नसतातच, लिनक्सचा विचार करावा. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला. तिच्या परवान्यात वापरण्याचे, प्रती काढण्याचे व बदल करण्याचे स्वातंत्र्य सर्वांनाच दिलेले आहे, म्हणून पंचवीस अक्षरे कोणी विचारीत नाही. भारत शासनाच्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही आवृत्ती याच जातीची आहे. केरळ राज्यातील शाळांनी आपले संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर उभे केले, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

अडचणी येणार नाहीत असे मात्र कोणी सांगू नये. फार जुनी ३२-बिटी यंत्रे आता लिनक्सच्याही बहुतेक आवृत्त्यांनी सोडून दिली आहेत. शिक्षकांची खरी अडचण तर निराळीच आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, नियोजने आणि दाखल्यांचे नमुने ज्या जुन्या मराठी टंकांत टाइप केले आहेत, ते नव्या यंत्रावर उघडताच इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसू लागते. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरास हा त्रास नाही. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्यापूर्वी एक सत्र केवळ जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यास द्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते न करता घाईने लिनक्स घालणाऱ्या शाळा महिन्याभरात पुन्हा दुकानदाराच्या अॅक्टिव्हेटरकडे वळतात.

राहिली नोंदींची गोष्ट. जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘संगणक संच, नग १’ एवढेच लिहिण्याची पद्धत आहे. त्याच ओळीत विंडोजची आवृत्ती, परवान्याचा प्रकार, शिक्का कोठे आहे, आणि बीजक क्रमांक लिहावा. डिजिटल परवाना असल्यास तो कोणत्या साली मिळाला हेही लिहावे. संगणक देणगी म्हणून घेताना दात्याकडून मूळ शिक्का व असल्यास मूळ डिस्क मागून घ्यावी, कारण परवाना यंत्राबरोबर येतो तो त्यांच्याच साक्षीने. जळालेल्या पहिल्या संगणकाचे निर्लेखन करताना आतील हार्ड डिस्क काढून तिच्यावरील मुलांची माहिती पूर्णपणे पुसावी आणि यंत्र भंगारवाल्यास न देता १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पाठवावे. शिक्का खरवडून काढू नये, तो यंत्राबरोबरच जावा. मुख्याध्यापिकाबाईंनी वहीत उतरवलेली पंचवीस अक्षरे त्याच यंत्राच्या नोंदीसमोर लिहावीत आणि त्यांच्यापुढे निर्लेखनाचा दिनांक घालून स्वाक्षरी करावी.